फोटो हलका करा, पण तडा दिसू द्या

प्रश्न नेरुळच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरी ताईंचा आहे. इमारत तीस वर्षांच्या पुढची, स्ट्रक्चरल ऑडिट लावलेलं, आणि ऑडिटरने सांगितलं की भेटीआधी गळती आणि तड्यांचे फोटो मेल करून ठेवा. ताईंनी फोनवर ३८ फोटो काढले आणि मेलला जोडले. मेल बराच वेळ आउटबॉक्समध्येच अडकला. मग जीमेलने फोटो ड्राइव्हवर टाकून नुसती लिंक पाठवली, तर ऑडिटरकडून ‘परवानगी द्या’ असा निरोप आला. नोकरीच्या ठिकाणच्या मेलवरून पाठवले, तर साइज जास्त म्हणून मेल परत. शेवटी कुठल्याशा वेबसाइटवर फोटो ‘कॉम्प्रेस’ करून पाठवले. ते पोचले, पण ऑडिटर म्हणाले, “यात तडा कुठाय?” ताईंचं म्हणणं एवढंच, की फोटो पटकन जावेत आणि कामाचेही राहावेत, तर नेमकं काय करायचं?

मी ठाण्याला नौपाड्यात फोटो लॅब आणि छपाईचं काम करतो. बारशाचे फोटो परदेशात आजी-आजोबांना धाडणारे येतात, परीक्षेच्या फॉर्मसाठी ५० केबीचा फोटो मागणारी मुलं येतात, आणि ऑडिट रिपोर्ट छापायला इंजिनीअर मंडळीही येतात. त्यामुळे हे दुखणं रोजच्या ओळखीचं आहे.

घाईत असाल तर उत्तर एवढंच: भिंतीचे, खोलीचे, इमारतीचे जे लांबून घेतलेले फोटो आहेत त्यांची लांब बाजू १६०० पिक्सेल, म्हणजे १६०० ठिपक्यांची करा आणि जेपीजी या नेहमीच्या फोटो-फाइलची क्वालिटी ८० ठेवा. एकेक फोटो साधारण ३०० ते ५०० केबीचा होईल. तड्यांचे जवळून घेतलेले फोटो मात्र लहान करू नका, ते कापा. म्हणजे तडा असलेला भाग ठेवून आजूबाजूची भिंत क्रॉप करून टाका. आता हे असं का, ते सांगतो, कारण ‘का’ कळलं की पुढच्या वेळी कुणाला विचारावं लागत नाही.

आधी मेल अडकतो कुठे ते बघू. जीमेलची जोडणीची मर्यादा २५ एमबी आहे. त्यापुढे गेलात की ते आपणहून ड्राइव्हची लिंक करतं, तुमच्याबाबतीत तेच झालं. कंपन्यांचे, कचेऱ्यांचे मेल सर्व्हर याहून कडक असतात. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज सर्व्हरची मूळ सेटिंगच १० एमबीची असते, आणि बऱ्याच ठिकाणी ती कुणी हलवलेली नसते. म्हणजे तुमच्याकडून मेल सुटला तरी समोरच्याच्या दारात तो अडवला जाऊ शकतो. त्यात आणखी एक मेख आहे. ईमेल मुळात साध्या मजकुरासाठी बनला. फोटोची फाइल त्यातून जायची तर तिचं अक्षरांमध्ये रूपांतर करावं लागतं, आणि त्यात दर ३ बाइटांची ४ अक्षरं होतात. ओळी तोडायची चिन्हं धरून फाइल साधारण ३५ टक्क्यांनी फुगते. कित्येक सर्व्हर मर्यादा मोजतात ती या फुगलेल्या मेलची. म्हणून फोल्डरमध्ये ८ एमबी दिसणारे फोटो १० एमबीच्या सर्व्हरवरून परत येतात आणि लोक बुचकळ्यात पडतात. हिशेब धरताना सांगितलेल्या मर्यादेच्या सत्तर टक्केच आपले समजा. १० एमबी म्हणाले तर ७.

दुसरी गोष्ट वेगाची. इंटरनेटवाला सांगतो तो आकडा मेगाबिटचा असतो, आपली फाइल मेगाबाइटमध्ये. एक मेगाबाइट म्हणजे आठ मेगाबिट. शिवाय तो आकडा बहुतेक वेळा खाली उतरवण्याचा असतो. फोनवरून वर चढवण्याचा वेग त्याहून बराच कमी, आणि लोकल गर्दीची असताना ठाणे-वाशी गाडीत बसून फोटो पाठवायला गेलात तर तो आणखी पडतो. ताईंचे ३८ फोटो प्रत्येकी ५ एमबी धरले तर १९० एमबी होतात. फुगवटा धरून २६० एमबी. वर जाण्याचा वेग सेकंदाला ५ मेगाबिट मिळाला तर सात मिनिटं, तीही मधे रेंज तुटली नाही तर. तेच फोटो प्रत्येकी ४०० केबीचे केले तर सगळे मिळून १५ एमबी. काम अर्ध्या मिनिटाचं.

आता मुळाशी जाऊ. फोटोचं वजन असतं कशात?

हल्लीचा साधारण फोन १२ मेगापिक्सेलचा फोटो काढतो. त्याची मापं असतात ४०३२ × ३०२४. गुणाकार करा, १ कोटी २२ लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, म्हणजे कच्चा माल ३६ एमबीच्या घरात जातो. तो जेपीजी ३ ते ५ एमबीत बसवतं, ही खरं तर कमालच आहे. आता लांब बाजू १६०० केलीत की मापं होतात १६०० × १२००, म्हणजे १९ लाख ठिपके. सहापटीहून जास्त घट, आणि ती क्वालिटीला हात न लावता. लोक इथेच चुकतात. त्यांना वाटतं साइज कमी करणं म्हणजे क्वालिटीची पट्टी डावीकडे सरकवणं. आधी मापं कमी करायची, क्वालिटीला शेवटी हात लावायचा. बाजू निम्मी केली की ठिपके पाव होतात, हे एवढं डोक्यात ठेवलं तरी पुरे.

फोनमध्ये ‘५० एमपी’ किंवा ‘हाय रिझोल्यूशन’ असा मोड चालू असेल तर तो बघून घ्या. त्यात एकेक फोटो दहा-बारा एमबीचा सहज होतो. मोठा प्रिंट काढायचा नसेल तर तो मोड बंदच बरा. दुकानात येणाऱ्या निम्म्या लोकांना तो चालू असल्याचं माहीतही नसतं.

मग जेपीजी दाबतं कसं? ही पद्धत १९९२ पासून मानक आहे आणि तिची युक्ती माणसाच्या डोळ्यावर बेतलेली आहे. आपला डोळा उजेड-अंधारातला फरक बारकाईने टिपतो, रंगातला फरक तेवढा नाही. म्हणून ती उजेडाची माहिती पूर्ण ठेवते आणि रंगाची बहुधा आडव्या-उभ्या दोन्ही दिशांना निम्मी करते. मग चित्राचे ८ × ८ ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातले अगदी बारीक चढउतार ढोबळ करून टाकते. चौकोनात सपाट आकाश असेल तर लिहायला फारसं काही उरत नाही. पानं, गवत, वाळू, जाळी असेल तर प्रत्येक चौकोनात भरपूर काही असतं. म्हणून एकाच फोनने काढलेला खाडीवरच्या संध्याकाळच्या आभाळाचा फोटो दीड एमबीचा, आणि पावसाळ्यात येऊरच्या झाडीचा सहा-सात एमबीचा. फोन बिघडलेला नाही, येऊरला पानं जास्त आहेत.

ताईंच्या फोटोंना हे थेट लागू आहे. त्यांनी दोन फोटो मला पाठवले होते. एक गच्चीवरच्या टाकीचा, भर दुपारचा. दुसरा डक्टमधला, म्हणजे पाइप जातात त्या अरुंद पोकळीतला, जवळजवळ अंधारात. डक्टच्या फोटोत आहे काय? एक काळसर भिंत आणि एक पाइप. तरी तो टाकीच्या फोटोपेक्षा जड. मोठा करून बघितलं तर काळ्या भागात रंगीबेरंगी दाणे दिसतात, तांबडे, निळे, हिरवे. अंधारात कॅमेरा उजेड ताणून वाढवतो, त्याचा हा कचरा. जेपीजीला कचरा आणि तपशील यांतला फरक कळत नाही. प्रत्येक दाणा इमाने इतबारे साठवला जातो, आणि आपण तो मेलने पाठवतो. उपाय सोपा आहे. फोटो काढताना दुसऱ्या कुणाला तरी टॉर्च धरायला सांगा, आणि तो समोरून नको, भिंतीला लागून बाजूने धरा. उजेड वाढला की दाणे कमी, फाइल हलकी. आणि तिरक्या उजेडात तड्याची कड सावली टाकते, त्यामुळे तडा उठून दिसतो. फोनचा स्वतःचा फ्लॅश समोरून पडतो आणि ओल्या भिंतीवर पांढरा चट्टा उमटवतो, तो टाळा.

आता ऑडिटरच्या तक्रारीकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे. त्यांना तडा का दिसला नाही?

काँक्रीटच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस ४५६ मध्ये, तड्याच्या रुंदीची सर्वसाधारण मर्यादा ०.३ मिलिमीटर दिली आहे. दमट आणि खारट हवेसाठी ती आणखी कमी आहे, आणि खाडीकाठचं नेरुळ त्यातच येणार. म्हणजे ऑडिटर शोधतात ती गोष्ट केसाएवढी असते. आता तुम्ही तीन मीटर रुंद भिंत एका फोटोत घेतलीत. ३००० मिलिमीटर भागिले ४०३२ ठिपके, म्हणजे एक ठिपका जवळजवळ पाऊण मिलिमीटरचा. ०.३ चा तडा अर्ध्या ठिपक्यालाही पुरत नाही. मूळ फोटोतच तो अंधुक रेघ म्हणून कसाबसा उरतो. त्याची लांब बाजू १६०० केली की ठिपका जवळपास दोन मिलिमीटरचा होतो, आणि तडा गेला. वर वेबसाइटने क्वालिटी ४० वर आणली असेल तर उरलेला अंधुक पट्टाही चौकोनात विरघळला. त्या वेबसाइटला एकटीलाच दोष देऊन उपयोग नाही, लांबून काढलेल्या त्या फोटोत तडा मुळातच नीट पकडला गेला नव्हता.

तेच जवळ जा. चौकटीत फक्त ३० सेंटिमीटर भिंत येईल एवढं. आता एक ठिपका ०.०७ मिलिमीटरचा आणि आपला तडा चार ठिपके रुंद. हा फोटो १६०० वर आणलात तर तडा दीड ठिपक्याचा उरतो, दिसेल पण रुंदीचा अंदाज येणार नाही. त्याऐवजी मूळ फोटोतला तडा असलेला १२ सेंटिमीटरचा तुकडाच कापून ठेवलात, तर तोही १६०० ठिपक्यांचाच होतो, फाइलही तेवढीच हलकी, पण तडा पूर्ण चार ठिपक्यांचा राहतो. क्रॉप आणि रिसाइझ यांत हा फरक आहे. दोन्हींनी फाइल लहान होते. एकात सगळ्याच गोष्टी थोड्या थोड्या जातात, दुसऱ्यात नको ते जातं आणि हवं ते जसंच्या तसं राहतं.

शेजारी मोजपट्टी धरा. स्टीलची पट्टी चांगली, नसेल तर एक रुपयाचं नाणं. ऑडिटर भेटीत स्वतः मोजतीलच, पण फोटोत प्रमाण असलं की कुठल्या फ्लॅटला आधी जायचं ते त्यांना ठरवता येतं. आणि प्रत्येक तड्याचे दोन फोटो घ्या: एक लांबून, कुठल्या खोलीत कुठल्या बीमवर आहे ते कळण्यासाठी, आणि एक जवळून. लांबचा रिसाइझ करा, जवळचा क्रॉप करा.

क्वालिटीच्या पट्टीबद्दल दोन शब्द. तो आकडा टक्केवारी नाही. १०० म्हणजे मूळ फोटो जसाच्या तसा असंही नाही. ९५ च्या पुढे फाइल धडाधड वाढते आणि डोळ्याला काही वेगळं दिसत नाही. ८० ते ८५ ही बहुतेक फोटोंना सुखाची जागा. ६० च्या खाली आलात की अक्षरांच्या, तारांच्या आणि तड्यांच्या कडेला धुरकट ठिपके घोळका करतात, आभाळात चौकोन दिसायला लागतात. फोटोशॉपमध्ये एका जागी ही पट्टी ० ते १२ अशी आहे आणि दुसऱ्या जागी ० ते १००, त्यामुळे एकाचा आकडा दुसऱ्याला सांगून उपयोग नाही.

आता हत्यारं. विंडोजचा संगणक असेल तर मला सगळ्यात आवडतं ते इरफानव्ह्यू नावाचं फोटोंचं सॉफ्टवेअर. १९९६ पासून आहे, घरगुती वापराला फुकट आहे, आणि जुन्यात जुन्या संगणकावरही पळतं. त्यात ‘बी’ हे बटण दाबलं की बॅच कन्व्हर्जनची, म्हणजे अनेक फोटो एकदम बदलायची खिडकी उघडते. फोटो उजवीकडून निवडून घ्या, आउटपुट जेपीजी, त्याच्या ऑप्शन्समध्ये क्वालिटी ८०. मग ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन लांब बाजू १६०० लिहा आणि ‘लहान चित्र मोठं करू नका’ या अर्थाची जी चौकट आहे तिच्यावर टिक करा. ती टिक विसरलात तर ९०० ठिपक्यांचा कापलेला तुकडा ताणून १६०० चा होतो, फाइल वाढते आणि तपशील एक कणही वाढत नाही. शेवटी आउटपुटला वेगळा फोल्डर द्या. पंचवीस-तीस फोटो चहा निवायच्या आत होतात.

इरफानव्ह्यू नको असेल तर मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं पॉवरटॉइज आहे. ते बसवलं की फोटोंवर राइट क्लिक केल्यावर इमेज रिसायझर मिळतो. त्यात स्मॉल, मीडियम, लार्ज असे तयार आकार आहेत, लार्ज म्हणजे १९२० × १०८०. मूळ फोटोच बदलायचा एक पर्याय त्यात असतो, तो बंदच ठेवा. एक-दोन फोटोंसाठी तर साधं पेंटही चालतं. रिसाइझमध्ये जाऊन टक्क्यांऐवजी पिक्सेल निवडायचं. ऑफिसात संगणकावरचं जुनं आउटलुक वापरत असाल तर मेल लिहिताना फाइल, इन्फो इथे मोठे फोटो पाठवताना लहान करण्याचा पर्याय असतो, तो सगळ्यात कमी कटकटीचा, पण किती लहान करायचं ते तुमच्या हातात राहत नाही. मॅकवर प्रीव्ह्यूमध्ये ॲडजस्ट साइज आहे, आणि मॅकच्या मेलमध्ये फोटो जोडल्यावर आकार निवडायची यादी येते.

आयफोनच्या मेल ॲपमधून मोठे फोटो पाठवताना ते स्वतःच विचारतं, लहान, मध्यम, मोठे की मूळ आकाराचे. लांबच्या फोटोंसाठी ‘मोठे’ निवडा. आयफोनवाल्यांचं आणखी एक दुखणं असतं. २०१७ पासून आयफोन हाइक (HEIC) नावाच्या प्रकारात फोटो साठवतो. फाइल जवळजवळ निम्मी होते, चांगलाच प्रकार आहे, पण समोरच्याच्या जुन्या विंडोजवर तो उघडत नाही आणि फोन येतो, “तुमचा फोटो करप्ट आहे.” करप्ट नसतो. सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स इथे ‘मोस्ट कंपॅटिबल’ निवडलं की पुढचे फोटो जेपीजीत येतात.

ॲन्ड्रॉइडवर बरेच जण एक जुगाड करतात. फोटो व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवायचा आणि आलेला हलका फोटो मेलला जोडायचा. सोसायटीच्या सत्यनारायणाचे, गणपतीचे, कोजागिरीचे फोटो असे पाठवायला माझी काही हरकत नाही. तड्यांचे मात्र नको. एक तर व्हॉट्सॲप किती दाबेल ते आपण ठरवत नाही. दुसरं, ते फोटोच्या पोटातली माहिती काढून टाकतं. तारीख, वेळ, कॅमेरा, सगळं. ऑडिटमध्ये किंवा पुढे कंत्राटदाराशी वाद झाला तर ‘हा फोटो दुरुस्तीच्या आधीचा’ हे सांगायला तीच तारीख लागते. व्हॉट्सॲपनेच पाठवायचं असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, तेव्हा फाइल जशीच्या तशी जाते.

या पोटातल्या माहितीला एक दुसरी बाजूही आहे. फोनच्या कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी असेल तर घराचे अक्षांश-रेखांशही त्यात लिहिलेले असतात आणि मेलने ते तसेच जातात. ऑडिटरला तुमचा पत्ता माहीतच आहे, तिथे प्रश्न नाही. पण जुना सोफा विकायला काढलाय आणि अनोळखी माणसाला फोटो मेल करताय, तर विंडोजमध्ये फाइलच्या प्रॉपर्टीज, डीटेल्समध्ये खालच्या ओळीतून ती माहिती काढून टाका.

वेबसाइटवर फोटो चढवून कॉम्प्रेस करण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: सवय लावून घेऊ नका. लोकांच्या घरातल्या बाथरूमचे, कपाटांचे, दारावरच्या नावाच्या पाट्यांचे फोटो आपण कुणाच्या सर्व्हरवर ठेवतोय ते कळत नाही. ज्यांनी सेक्रेटरी म्हणून तुम्हाला घरात घेतलं त्यांना ते आवडणार नाही. ब्राउझरमध्येच करायचं असेल तर गुगलच्या क्रोम टीमने काढलेलं स्क्वूश वापरा. त्यात काम तुमच्याच संगणकावर होतं, फोटो बाहेर जात नाही. मधली दांडी सरकवून डावीकडे मूळ आणि उजवीकडे दाबलेला फोटो शेजारी शेजारी बघता येतो. क्वालिटीची पट्टी ८० वरून ५० वर आणून तड्याची कड कशी विरते ते एकदा त्यात बघाच, मग कुणी समजावून सांगायची गरज राहत नाही. एका वेळी एकच फोटो होतो, ही त्याची अडचण.

काही उपाय लोक मनापासून करतात आणि त्यांचा उपयोग शून्य असतो. झिप करणं हा पहिला. जेपीजी आतून आधीच दाबलेलं असतं, त्याचं झिप करणं म्हणजे पिळून झालेला कपडा पुन्हा पिळणं. शंभर एमबीचे फोटो झिप करून अठ्ठ्याण्णव होतील. अनेक फाइली एका पुडक्यात बांधायला झिप ठीक, वजन कमी करायला नाही. दुसरा, डीपीआय, म्हणजे इंचाला किती ठिपके छापायचे तो आकडा, ३०० चा ७२ करणं. ठिपक्यांची संख्या तीच ठेवून फक्त हा आकडा बदलला तर फाइल एक केबीनेही घटत नाही. ती नुसती प्रिंटरला दिलेली सूचना आहे. तिसरा, जेपीजीचं पीएनजी करणं. स्क्रीनशॉट आणि अक्षरांसाठी पीएनजी उत्तम, फोटो मात्र त्यात तिप्पट-चौपट जड होतो.

आणि वर्ड. सोसायटीच्या कामात ही खास जागा आहे. बहुतेक सेक्रेटरी फोटो वर्डमध्ये चिकटवतात, कोपरा धरून लहान करतात, खाली ‘बी ३०४, बाथरूमची छत’ असं लिहितात आणि पीडीएफ करून पाठवतात. पद्धत चांगलीच आहे, ऑडिटरलाही वाचायला सोपी. पण कोपरा धरून लहान केल्याने फोटो दिसायला लहान होतो, आत तो बराच मोठा बसून राहू शकतो. वर्डमध्येच क्रॉप केला तर कापलेला भागही आतच दडलेला असतो. फोटोवर क्लिक करून पिक्चर फॉरमॅटमधल्या कॉम्प्रेस पिक्चर्समध्ये जा. तिथे कापलेला भाग पुसायची चौकट टिक करा आणि रिझोल्यूशन निवडा. मेलसाठी म्हणून दिलेला ९६ चा पर्याय तड्यांना फार कमी पडतो, २२० ठेवा. माझा सल्ला उलटाच आहे: फोटो आधी बाहेर कापून-लहान करून घ्या आणि मग वर्डमध्ये चिकटवा. फाइल लटकत नाही आणि सेव्ह होताना वाट बघावी लागत नाही.

छापायची काळजी असेल तर हिशेब असा. रिपोर्टच्या पानावर फोटो पाच इंच रुंद बसतो. चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके धरले तर १५०० लागतात. म्हणजे आपला १६०० चा फोटो छपाईलाही पुरतो. ४ × ६ चा साधा प्रिंट काढायचा असेल तर १८०० × १२००. त्याहून मोठं काही करायचं असेल, भिंतीवर लावायचं वगैरे, तर मेल हा रस्ताच नाही, मूळ फोटो पेन ड्राइव्हवर आणा.

फॉर्मवाल्यांसाठी एक आडवाट, कारण हाच प्रश्न काउंटरवर रोज येतो. बँक भरतीच्या आयबीपीएसच्या अर्जात फोटो २०० × २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी, सही १४० × ६० पिक्सेल आणि १० ते २० केबी असं मागतात. मुलं ५ एमबीचा फोटो घेऊन क्वालिटी १० वर आणतात, चेहरा मेणाचा दिसायला लागतो, तरी फाइल ५० केबीत बसत नाही. मापं आधी २०० × २३० करा, मग क्वालिटी ९० ठेवली तरी फाइल सहसा मर्यादेत बसते. कधी २० केबीच्याही खाली जाते, मग क्वालिटी वर न्यायची.

लिंकचा रस्ता वाईट नाही. फोटो शंभराच्या घरात असतील तर ड्राइव्हच बरं. फक्त शेअर करताना ‘लिंक असलेला कुणीही बघू शकेल’ हे निवडलं नसेल तर ऑडिटरला प्रत्येक वेळी तुमच्याकडे परवानगी मागावी लागते. ऑडिटरचा मेल पत्ता घालून त्यांनाच परवानगी देणं जास्त सुरक्षित, पण त्यासाठी त्यांचं गुगल खातं कोणतं आहे ते विचारून घ्या. ऑफिसचा पत्ता आणि गुगल खातं वेगळं असलं की पुन्हा तेच ‘परवानगी द्या’.

ताईंनी आता असं करावं. मूळ ३८ फोटो एका फोल्डरमध्ये ठेवा आणि त्यांना हात लावू नका. जेपीजी पुन्हा पुन्हा उघडून सेव्ह केलं की दर वेळी थोडं थोडं झिजतं, म्हणून लहान केलेली प्रत नेहमी मूळ फोटोवरूनच काढायची, आधीच लहान केलेल्या प्रतीवरून नाही. लांबचे फोटो १६०० वर आणा. जवळचे कापा. डक्टचे आणि ज्यात तडा अंधुक आहे ते टॉर्च घेऊन पुन्हा काढा, दाबून-ताणून ते सुधारणार नाहीत. फाइलींना विंग, फ्लॅट आणि जागा अशी नावं द्या, नाहीतर सगळे ‘आयएमजी’ने सुरू होतात आणि ऑडिटर फोनवर विचारत बसतात की चौदावा फोटो कुणाच्या घरचा. एका विंगचा एक मेल, ६ एमबीच्या आत, विषयाच्या ओळीत ‘४ पैकी १’ असं लिहून. चौथा मेल पोचला का ते फोन करून विचारा, कारण काही सर्व्हर मोठा मेल गुपचूप गिळतात आणि परतही पाठवत नाहीत.